पंप थांबेपर्यंत

गॅरेजात किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. गाडी खोललेली असते, पार्ट यायचा असतो, माणसाला उठून जाता येत नाही; मग तो बोलतो. धाराशिवला येडशी रोडला आमचं पत्र्याचं शेड आहे. अर्ध्या भागात रफिकभाई इंजिनचं काम करतात, अर्ध्या भागात मी वायरिंगचं. शेजारी बसप्पा अण्णांचं स्पेअर पार्टचं दुकान. इतक्या वर्षांत ऐकलेलं बहुतेक मी विसरलो. नागेशच्या गाडीचं तेवढं डोक्यातून जात नाही.

नागेश तेरचा. बोअरच्या मोटारी विकतो, बसवतो, दुरुस्त करतो. लग्नाआधी त्याला गाडी पळवायची भारी हौस. एक छोटी कार घेऊन त्यानं रफिकभाईंकडून तिला जादा ताकदीसाठी टर्बो बसवून घेतला, गाडीची उंची कमी केली, मागचा पाईप जाड केला. तो तेरहून निघाला की आपल्याला दुकानात कळतं, असं अण्णा म्हणायचे. मग लग्न झालं, सुरेखा आली, आणि काही वर्षांनी तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा सोलापूरला डायलिसिस. हौसेची गाडी रोजची झाली. दुसरी घ्यायची ऐपत नव्हती, आणि ही विकायला सुरेखाच तयार नव्हती. त्या सीटवर पाठ टेकली की तिला बरं वाटायचं.

अडचण एकच. सोलापूरहून परतताना तुळजापूरचा घाट चढायचा, आणि घाटात गाडी तापायची. पुढं उसाचा ट्रक असला की इंजिन हळू फिरणार, त्याच्या बेल्टवरचा पाण्याचा पंपही हळू फिरणार, आणि टर्बो मात्र भट्टीसारखा पेटलेला. डायलिसिस होऊन गळालेली बायको शेजारी आणि समोर चढणारा तापमानाचा काटा. नागेशला दुसरी कशाचीच भीती नव्हती, फक्त त्या काट्याची होती.

*

एकदा घाटात गाडी बाजूला घ्यावीच लागली. बोनेट उघडलेलं पाहून आपल्याकडं कुणी सरळ पुढं जात नाही. एक टमटमवाला थांबला, एक दर्शनाहून परतणारं कुटुंब थांबलं. ज्यानं त्यानं बाटल्या काढल्या. त्यांच्यातल्या बाईंनी गाडीसाठी एक बाटली दिली आणि दुसरी, गार पाण्याची, खिडकीतून सुरेखाच्या हातात दिली.

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. तिचं त्या दिवसाचं सकाळीच संपलं होतं. नको म्हटलं तर त्या बाईंना वाईट वाटणार. सुरेखानं बाटली घेतली, गालाला लावली आणि नवऱ्याकडं दिली.

"गाडीलाच पाजा," ती म्हणाली. "तिला कुणी मोजून प्यायला सांगितलं न्हाय."

नागेशनं हे आम्हाला हसत सांगितलं. आम्हीही हसलो, कारण तिनं ते हसण्यासाठीच म्हटलं होतं. पण घरी गेल्यावर माठातून मी अर्धाच पेला भरला, हे खरं.

*

रफिकभाईंनी त्याला एक तोड सांगून ठेवली होती. काटा चढायला लागला की हीटर फुल करायचा. इंजिनची थोडी उष्णता आत येते, तेवढाच इंजिनला आराम.

मे महिना, दुपारची वेळ. घाटाच्या पायथ्यालाच काटा हलला. नागेशनं सुरेखाची माफी मागून हीटर लावला. काचा खाली करायला हात नेला, तर तिनं तो धरला. डायलिसिसनंतर तिला थंडी वाजायची. अंगावर शाल घेऊन ती दर खेपेला तशीच कुडकुडत यायची आणि बोलायची नाही. नागेशला वाटायचं, दमली असेल.

"अहो, हे आधी का न्हाय लावलं?" एवढं म्हणून ती झोपली.

तुळजापूर येईपर्यंत काटा खाली आला होता. हीटर मात्र धाराशिवपर्यंत फुल होता. शेडमध्ये तो उतरला तेव्हा शर्टातून घाम गळत होता, आणि आम्हाला म्हणाला, हळू बोला, ती झोपलीय.

*

इलेक्ट्रिक पंपाची गोष्ट मीच काढली. बेल्टची भानगड नाही. इंजिन हळू फिरो की जोरात, पाणी हवं तेवढं फिरत राहणार. उशीर झाला तो आम्हा सगळ्यांच्या अकलेमुळं. अख्ख्या तालुक्याच्या बोअरला मोटारी टाकणारा माणूस स्वतःच्या गाडीचं पाणी बेल्टवर फिरवत होता!

पंप मागवला तेव्हा बसप्पा अण्णा काउंटरवर कोपर टेकून गंभीरपणे म्हणाले, "आणि लाईट गेली तर?"

मी समजावलं की हा बॅटरीवर चालतो, बोर्डाच्या लाईटचा इथं संबंध नाही. अण्णा ऐकेनात. "बोर्डाची असू दे न्हायतर बॅटरीची. लाईट जाती म्हंजी जाती. अन् ती पोरगी घाटात."

मला राग आला. माझ्या वायरिंगवर संशय घेतलेला मी सहन करत नाही. संध्याकाळी अण्णांनी कागदात गुंडाळून पंपाला करंट जोडणारा जादा रिले आणि फ्यूज आणून दिला. मी ते दोन्ही गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले आणि कसे बदलायचे ते सुरेखालाही शिकवलं.

*

पंप कुठं बसवायचा यावर मात्र नागेशनं कुणाचं चालू दिलं नाही. आयुष्यभर पंपच बसवतोय, म्हणाला. त्यानं तो वर, बोनेट उघडल्यावर हात घालता येईल असा बसवला. दिसायला झकास.

ट्रायलला आम्ही तिघं येडशीकडं निघालो. रामलिंगच्या फाट्याअलीकडंच काटा वर. गाडी थांबवली. पंपाचा आवाज बारीक, मोकळा येत होता. नागेशनं कान लावला आणि तिथंच रस्त्याच्या कडेला बसला. तो आवाज त्यानं शेकडो बोअरवर ऐकला होता. पंपानं हवा धरली होती. पाण्यातली सगळी हवा वर येऊन नेमकी पंपात अडकली होती.

रफिकभाईंनी विचारलं, दुसऱ्या कुणाची मोटार असती तर तू खालीच सोडली असतीस ना? नागेश व्हय म्हणाला.

"मग हितं असं का केलं, बेटा?"

"बोअरमधली मोटार वर काढायला दिवस जातो, भाई. हिला खालून काढायची पाळी घाटात आली, अन् सुरेखा गाडीत असली तर?"

दुसऱ्या दिवशी पंप खाली, रेडिएटरच्या खालच्या पाईपपाशी गेला. हवा काढली, इंजिन गार ठेवणारं कूलंट भरलं. त्या आठवड्यात तुळजापूरहून नागेशचा फोन आला. काटा हलला नाही, एवढंच सांगून त्यानं फोन ठेवला. अण्णांनी सगळ्यांना चहा सांगितला.

*

इंजिन बंद केल्यावर टर्बो लगेच गार होत नाही. म्हणून पंपाच्या कंट्रोलरवर मी सेटिंग ठेवलं होतं, की चावी काढली तरी पंप काही मिनिटं चालू राहावा. नागेशला सांगितलं होतं. घरी सांगायचं तो विसरला.

त्याचे वडील तात्या अंगणात बसलेले. गाडी आली, पोरगा सुनेला धरून आत गेला, आणि बंद गाडीतून घूं घूं आवाज. माणूस नाही, पाणी दिसत नाही, आणि मोटार चालू! शेतकऱ्याला याचा एकच अर्थ कळतो, मोटार कोरडी चाललीय आणि आता जळणार. तात्यांनी बोनेट उघडलं, पान्हा आणला आणि बॅटरीची वायर काढून टाकली. तापलेल्या इंजिनात पाणी उकळलं आणि अंगणभर कूलंट झालं.

नागेश चिडून बाहेर आला. तात्या पान्हा हातात धरून उभे होते. "सूनबाईला न्यायची गाडी हाय," ते म्हणाले. "जळू दिली असती व्हय?"

नुकसान फार नव्हतं. पण त्या दिवसापासून घरात नियम झाला. पंप थांबेपर्यंत गाडीजवळ कुणी जायचं नाही. तात्या स्वतः दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवू लागले.

*

पुढच्या उन्हाळ्यात सुरेखा तब्येतीनं खूप उतरली. डॉक्टरांनी नागेशला बाजूला घेऊन काय सांगितलं, ते त्यानं फक्त रफिकभाईंना सांगितलं. रफिकभाईंनी आम्हाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी काम केलं नाही. त्यामुळं आम्हाला कळलं.

त्यानंतर एकदा नागेश एकटाच शेडमध्ये आला. मला वाटलं, गाडी पुन्हा तापली. तो म्हणाला, गाडी एकदम ठीक आहे.

"दादा, चावी काढल्यावर पंप चालतो ना, तो टाइम वाढवता येतो का?"

मी म्हटलं, येतो, पण गरज नाही. आहे तेवढ्यात इंजिन गार होतं.

त्यानं खिशातली चावी हातात घेतली. मग म्हणाला, "घरात गेली की माणसं जमत्यात, हिला निजवत्यात. पंप थांबेपर्यंत मात्र आम्ही गाडीतच बसून ऱ्हातो, आमच्यापाशी कुणी येत न्हाय. तवा बोलती ती. अन् पंप थांबला की बोलणं मधीच ऱ्हातं."

मी वायरमनसारखं बोललो. म्हटलं, एवढा वेळ पंप चालवला तर बॅटरी उतरेल.

नागेशनं गाडीची चावी माझ्या टेबलावर ठेवली.

"मोठी बॅटरी टाका," तो म्हणाला.