मामांची लांब काठी

परवा गोंदियाच्या एका दुकानात मासे धरायच्या गळाच्या काठ्या पाहत होतो. दुकानदाराने फायबरची एक लांब, हलकी काठी हातात दिली आणि म्हणाला, "दोनों हाथ से फेंको भाईसाब, कंधा नहीं दुखेगा. एकदम नया माल है." नवं? माझं डोकंच फिरलं. काठी त्याच्या अंगावर टाकून मी बाहेर आलो.

बारा वर्षांपूर्वी इटियाडोह धरणाच्या काठावर माझ्या मामांनी हेच सांगितलं होतं. अंधाऱ्या पाखात तोडलेले दहा-बारा बांबू अंगणात पडले होते. चांदण्यात तोडलेल्या बांबूले भुंगा लागते, असं मामा म्हणायचे. एकेक उचलून, एक डोळा मिटून त्याची सरळ रेघ पाहायचे, शेंडा जमिनीला दाबून झटकन मोकळा सोडायचे आणि मुठीत येणारी थरथर जोखायचे. सगळे नाकारून एक बारीक, भरीव, दोन पुरुष उंचीचा निवडला. निखाऱ्यावर शेकून त्याचा बाक काढला. त्याचा गोड, करपट वास अंगणभर पसरला होता.

मला मात्र मित्रांसारखी आखूड, एका हाताची काठी हवी होती.

"एवढी लांब कायले, मामा? लोक हासून राहिले."

"हासू दे. दोन्ही हातानं फेकजो, खांदा दुखनार नाही."

मी हट्टच धरला. मामांनी आरी आणून माझ्यापुढे टाकली.

"तूच काप. माह्याच्यानं होत नाही."

आणि मी मूर्खाने, त्यांच्यादेखत, तिचा बुडाकडचा कमरेएवढा तुकडा कापून टाकला.