मागच्या रांगेचं धुकं

तुडील गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने तिथल्या बुद्धविहारात रोज ग्रंथवाचन चालतं. वाचते माझी आत्या, ऐकतात सात-आठ बाया. सांगतेच्या दिवशी वाडीतून मुंबईला गेलेल्यांचं मुंबई मंडळ वीर स्टेशनावर उतरतं, रिक्षा भरून वाडीत येतं आणि तीन महिने वाचून आपणच दमलो अशा चेहऱ्याने पुढच्या खुर्च्यांवर बसतं. खुर्च्याही त्यांनीच दिलेल्या. प्रत्येकीच्या पाठीवर लाल रंगात 'सप्रेम भेट, मुंबई मंडळ' असं लिहिलंय. वर्षभर त्या भिंतीशी रिकाम्या उभ्या असतात आणि आमच्या बाया सतरंजीवर बसतात. नाव रंगवलेल्या खुर्चीवर बसायचं नाही, हा कायदा कुणी केला कोण जाणे, पण पाळत आम्ही सगळेच होतो.

सांगतेला ग्रुप फोटो होतो. परतीचा पाऊस नेमका दुपारी येतो, म्हणून फोटो आतच काढायचा. मी पोलादपूरकडच्या शाळेत मास्तर आणि माझ्याकडे कॅमेरा, त्यामुळे काढणारा मी. नंतर तो फ्रेम करून विहारात टांगतात आणि वर्षभर तोच बघायचा.

पहिल्या वर्षी माझा कॅमेरा नवशिक्याचा, लेन्स खोक्यात मिळालेली, आणि उजेडाला दोन ट्यूबलाईट. त्यातली एक फडफडणारी. वर सगळे पांढऱ्या कपड्यांत! एवढं पांढरं बघून कॅमेऱ्याला वाटलं ऊन पडलंय, त्याने सगळ्यांची तोंडं काळवंडून टाकली. पुढची रांग ओळखू येत होती, म्हणून मंडळ खूश. मागच्या रांगेत आत्याच्या जागी एक ठिपका होता.

"ह्यो ठिपका मी काय रे?" तिने फ्रेमवर बोट ठेवून विचारलं.

"उजेड कमी होता गो आत्या."

"माझा साफ फोटो एकच हाय, आधार कार्डावरचा. त्यात मी चोरटी दिसतंय. मेल्यावर तोच लावशील भिंतीवर. त्यापेक्षा जित्तेपणी एकदा हितं नीट दिसू दे की."

हे माझ्या जिव्हारी लागलं. मला वाचायला शिकवलं ते आत्याने, आणि ती स्वतः शिकली ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गात, कंदिलापाशी. तिला एक धड फोटो देता येऊ नये, म्हणजे माझ्या मास्तरकीला काय चाटायचंय?

मी मेव्हण्याला विचारलं. तो कारखान्यात पाळ्या करतो, बिरवाडीत खोली घेऊन राहतो आणि उरलेल्या वेळात मोबाईलवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघतो. स्वतःचा कॅमेरा नाही, त्यामुळे ज्ञान अफाट. "दाजी, तुमची लेन्सच भिकार. पन्नास एमएमची वन पॉइंट एट घ्या. अंधारातून लाईट असा खेचते ना, बस देखते रह जाओगे!" बायको म्हणाली, "आधी ती ट्यूब बदला." पण ट्यूब बदलण्यात कसली आली कलाकारी? मी लेन्स घेतली.

दुसऱ्या वर्षी ती लावून बघतो तर चौकटीत जेमतेम अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि अर्धा सरचिटणीस. मी मागे सरकलो. पाठ दाराला लागली. दाराबाहेर गेलो, पायरी उतरलो, शेवटी अंगणातल्या चिखलात एका हाताने छत्री धरून उभा राहिलो, तेव्हा कुठे सगळे मावले. लेन्स पूर्ण उघडली, अध्यक्षांच्या चष्म्यावर फोकस धरला आणि बटण दाबलं. अध्यक्षांची मिशी केस न् केस मोजता यावी अशी आली. दुसऱ्या रांगेपासून मात्र मळभ दाटत गेलं आणि चौथ्या रांगेत, जिथे बाया होत्या, तिथे दाट धुकं.

मला घाम फुटला, पण मंडळ भलतंच हरखलं. "अरे वा मास्तर, बॅकग्राऊंड ब्लर! एकदम सिनेमासारखं!" त्यांनी त्याची दुप्पट मोठी फ्रेम केली. आत्याने विचारलं, ब्लर म्हणजे काय. मी सांगितलं, पाठीमागचं मुद्दाम धूसर करतात.

ती फ्रेमकडे बघत राहिली. "मागल्या साली आमचं धुकं फुकट झालं होतं. आता त्याला तू लेन्स घेतलीस!"

मला तोंड दाखवायची लाज वाटली. मग पेटलोच मी. मोठा कॅमेरा आणला, रुंद लेन्स आणली, स्टँड आणला, छताकडे तोंड करणारा फ्लॅश आणला. घरात आठ दिवस तांब्या-पेल्यांच्या चार रांगा मांडून सराव केला. बायकोला पाणी प्यायला पेला सापडेना. तिसऱ्या वर्षी सगळं जमलं. पहिली रांग ते चौथी, सगळे लखलखीत. मी लगोलग आत्याला बोलावलं आणि पडद्यावर चौथी रांग मोठी करून दाखवली.

"ह्यो खांदा कुणाचा?"

खांदा मंडळाच्या सल्लागारांचा होता. एवढा स्पष्ट खांदा महाड तालुक्यात कुणी काढला नसेल. शिवण दिसत होती, शिवणीतला निघालेला दोरा दिसत होता. त्यामागे आत्याचा भांग आणि एक डोळा. ती मुळात बुटकी.

"आत्या, आता ह्याच्यावरचा कॅमेरा..."

"कॅमेऱ्याचं राहू दे रे. मला मागं कोण उभं करतो?"

तिन्ही वर्षं 'आत्या, तू मागं हो गो' असं मीच ओरडलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळ वीरहून गाडीने गेलं. नवा कॅमेरा मेव्हण्याने व्हिडिओ करायला बिरवाडीला नेला होता, म्हणून मी जुनाच घेऊन विहारात गेलो. बाया फरशी धूत होत्या. दारं-खिडक्या सताड उघड्या, आत भरपूर ऊन. मी खुर्च्या मांडल्या आणि म्हणालो, बसा. कुणी पुढे येईना. एकमेकींकडे बघतायत, पदराला हात पुसतायत. आत्याने केरसुणी कोपऱ्यात ठेवली, मधल्या खुर्चीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "बसा गो. चावत नाय."

तो फोटो मी फ्रेम करून मंडळाच्या दुप्पट फ्रेमशेजारी टांगला. पुढच्या सांगतेला अध्यक्षांनी तो पाहिला. कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "ह्या खुर्च्यांवर कुणाला विचारून बसलात?"

आत्या शेवटचा अध्याय वाचत होती. तिने ओळीवर बोट ठेवलं आणि मान वर केली.

"तीन म्हैने वाचून पाय दुखले होते. म्हणून बसलो."

तिने बोट उचललं आणि पुढची ओळ वाचायला लागली. नंतर फोटोच्या वेळी मी तोंड उघडायच्या आत ती पुढे गेली आणि अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. उपाध्यक्ष उभे राहिले. मी फोटो काढला, पण माझेच डोळे भरून आले होते, त्यामुळे फोकस नीट लागलाय की नाही ते मला दिसलं नाही.