गाळलेली नदी

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीही नाही. आता सांगतेय, कारण भीती वाटते — रोज थोडी जास्तच.

धारचे दत्तूकाका माझ्या वडिलांचे मित्र, निवृत्त शिक्षक. लॅटिन आणि ग्रीक ते स्वतःच्या हिमतीवर शिकलेले. मी देवासला कॉलेजात संस्कृत शिकवते. दर रविवारी बसने त्यांच्याकडे लॅटिन शिकायला जायची. आमचा विषय काय, तर साप. एका लॅटिन महाकाव्यात वाळवंटातल्या सैन्याला साप चावत जातात. एकाच्या विषाने अशी तहान लागते, की शिपाई स्वतःचंच रक्त पितो. हा साप विषारी जनावरांवरच्या जुन्या ग्रीक काव्यातून आला, हे अभ्यासकांना ठाऊक होतं. काकांना दिसलं ते वेगळंच. ग्रीक काव्यात तहानलेला माणूस नदीवर वाकून पितो.

"या लॅटिन कवीने साप घेतला आणि नदी मुद्दाम गाळली," काका म्हणाले. "मूळ माहीत असेल त्यालाच ती गाळलेली कळते."

त्यावर मी मराठीत लेख लिहिला. एका मासिकात छापून आला. लेखात सगळं होतं — काकांचं नाव तेवढं नव्हतं. विसरले होते का? नाही. लिहिलं होतं, आणि खोडलं. शोध माझा दिसावा म्हणून.

तोवर काकांची नजर गेली होती. म्हणाले, वाचून दाखव. नदीचा परिच्छेद आला — आणि मी त्यांचं नाव घालून वाचलं. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. मी पुन्हा तसाच वाचला. अंक त्यांनी देवघरात ठेवला.

गेल्या महिन्यात काका गेले. तेराव्याला घरच्यांनी मला तोच लेख वाचायला सांगितला. तिथेही, सगळ्यांसमोर, मी ते नाव वाचलं. जीभ कशी अडखळली नाही?

आता अंक त्यांच्या नातीकडे, मुग्धाकडे आहे. शाळा हिंदीतली, त्यामुळे मराठी ती ओळीखाली बोट धरून वाचते. शब्द अडला की मला फोन करते. "मावशी, रोज एक पॅरा वाचतेय. आजोबांचं नाव कुठे आहे ते मत बताना, मी खुद शोधीन."

तेव्हापासून फोन वाजला की आधी नाव बघते, मगच उचलते.

काल तिने 'गाळणे' म्हणजे काय, ते विचारलं. मुद्दाम सोडून देणं, मी म्हटलं. ती नदीच्याच परिच्छेदावर पोचली आहे.