खालून आलेल्या गाडीला विचारावं

वरंध घाटाच्या तोंडाशी आलं की सुदाम टेम्पो बंद करायचा. पाऊस असो, मागं पोती असोत. खालून एखादी गाडी चढून आल्याशिवाय तो घाट उतरायचा नाही. गाडी दिसली की खिडकीतून अर्धा बाहेर येऊन विचारायचा, “पावनं, खालचा रस्ता कसा हाय?”

पहिल्यांदा त्याच्या शेजारी बसून महाडला निघालो तेव्हा मी वैतागलो. “अरे, रस्ता सुरू असल्याची पाटी लावलीय की समोर!”

“पाटी घाट उतरून आलीया व्हय, सायेब? जो खालून आला त्यालाच इचारावं. बाकीच्यांचं काय, जीभ हलवायला डिझेल लागत न्हाई.”

सुदाम हिरडोशीचा. मी भोरला बँकेत कर्जाच्या टेबलावर होतो. त्याच्या पहिल्या टेम्पोचं कर्ज माझ्याच हातून झालं. मी निवृत्त झालो तरी भोरला आला की तो नाचणीचं पीठ घेऊन घरी डोकावायचा आणि म्हणायचा, “तुमचं गुडघं आन माजा टेम्पो, दोन्ही चढाला रडत्यात.”

त्याची मुलगी करुणा बारावी झाली आणि तिला पुण्यात लिबरल आर्ट्सच्या चार वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळाला. इतिहास, अर्थशास्त्र, पर्यावरण, नाटक, सगळं जोडीनं शिकायचं. फी मोठी, म्हणजे शैक्षणिक कर्ज आलं आणि सहकर्जदार म्हणून बापाची सही आली. सुदाम एकटाच माझ्याकडे आला.

“एकाच ताटात समदं वाढत्यात म्हनं,” तो हसत म्हणाला. मग हसू आवरून त्यानं विचारलं, “सही कराय मी तयार हाय. फकस्त येवडं सांगा, शिकून झाल्यावर हप्ता जाऊन हातात काय ऱ्हातं?”

मी कागद ओढला. व्याज मांडलं, हप्ता काढला. पगाराचा आकडा मात्र मनानंच घातला, तोही हात आखडून. “काही राहत नाही, सुदाम. ज्यांच्या घरात आधीच आहे त्यांनी असलं शिकावं. नोकरी नाही लागली तर टेम्पो विकावा लागेल. भोरलाच बी.कॉम. करू दे तिला.”

“मग नगं म्हनता?”

“नको.”

त्यानं तो कागद खिशात घातला नाही. टेबलावर तसाच ठेवून उठला.

आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट अशी, की माझी नात मृण्मयी तीच पदवी, तसंच कर्ज काढून पुरी करून नोकरीला लागली होती. नातेवाइकांत मी तिचं कौतुक सांगत फिरत होतो. सुदाम आला त्या दुपारी ती सुट्टीवर आलेली होती. आतल्या खोलीत होती. मी तिला हाक मारली नाही. आमच्या घराला झेपतं ते हिरडोशीच्या घराला झेपणार नाही, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. तेव्हा त्याला मी काळजी म्हणत होतो. ती काळजी नव्हती.

करुणानं भोरला बी.कॉम. केलं आणि सारोळ्याच्या एका ट्रॅक्टरच्या दुकानात हिशेबाला लागली. पुढं सुदामनं जुना टेम्पो देऊन दुसरा घेतला, तेव्हा गाव म्हणालं, टेम्पोला पैसा हाय, पोरीला न्हाई. तो म्हणायचा, “व्हय, मीच नगं म्हनलो.” एकदा न राहवून मी म्हटलं, “माझं नाव का सांगत नाहीस?”

“गाडी घसरली की डायवरच धरत्यात, सायेब. वाट सांगनाऱ्याला कोन धरतंय?” तो म्हणाला आणि पिठाची पिशवी पुढं केली.

गेल्या थंडीत सुदाम गेला. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला हिरडोशीला गेलो. बुद्धवंदना झाली, माणसं जेवायला बसली. पंगतीत कुणीतरी म्हणालं, “मानूस लई चांगला, पर पोरीला अडवली त्यानं.” मी तिथंच मोठ्यानं म्हणालो, “त्यानं नाही, मी अडवली.” आणि सगळं सांगितलं, आतल्या खोलीसकट.

करुणा पंगतीला वाढत होती. ती जागेवरच थांबली. “तात्या शेवटपर्यंत म्हणत होते, पोरी, माजं चुकलं,” एवढं बोलून ती आत गेली.

मी चपला शोधत होतो तेव्हा ती बाहेर आली. डोळे लाल होते. “काका, तुमच्या नातीला फोन लावून द्या. मला अजून शिकायचंय.”

मी फोन लावून तिच्या हातात दिला.

“ताई, मी हिरडोशीच्या सुदामतात्यांची मुलगी,” ती म्हणाली. “एक विचारू का? हप्ता जाऊन हातात काय राहतं?”

मृण्मयी बराच वेळ बोलत होती. करुणा ऐकत होती, मधूनच “बरं” म्हणत होती, एकदा तर हसलीही. पलीकडचं मला काही ऐकू येत नव्हतं. आणि इतक्या वर्षांत नातीला ते मी कधी विचारलंच नव्हतं.