पेन्सिलीने काढलेला पाय

हसू नका असं सांगून उपयोग नाही, तुम्ही हसणारच. म्हणून आधीच कबूल करून टाकते: गेल्या वर्षी मी माझ्या सख्ख्या काकूला परदेशी हेर ठरवलं होतं. नुसतं ठरवून थांबले असते तरी चाललं असतं. मी त्यावर उपायही केला!

माझा काका प्रवासी जहाजावर नोकरीला आहे. तिथेच त्याला मारिसाकाकू भेटली. ती फिलिपिन्सची. लग्नानंतर काका परत जहाजावर गेला आणि काकू मुलुंडला आमच्याकडे राहायला आली. मराठी इतक्या झटपट शिकली की भाजीवाल्याशी घासाघीस करायला आई तिलाच पुढे करते.

मी मात्र तिच्याशी फार बोलायचे नाही. मी कुणाशीच फार बोलत नाही. मी बघते. आणि सारखं बघत बसलं की नको ते दिसतं!

मे महिन्याची सुट्टी होती. दुपारी मी झोपले होते आणि अचानक पायाला गुदगुल्या झाल्या. डोळे किलकिले करून बघते तर काय? काकू पायथ्याशी बसून, माझ्या तळव्याला पुठ्ठा आणि कागद लावून, पेन्सिलीने माझा पाय काढत होती! मग तिने खाली माझं नाव लिहिलं, कागदाची घडी घातली आणि मांजरीसारखी निघून गेली.

तुम्ही काय केलं असतं? ओरडला असतात ना? मी झोपेचं सोंग तसंच चालू ठेवलं. भीतीने!

त्या दिवसापासून मी पाळत ठेवली. बाबा टीव्हीसमोर पेंगले, त्यांचा पाय काढला गेला. आई अंघोळीहून आली आणि दारात पसरलेल्या कागदावर ओला पाय देऊन गेली. काकूने तो कागद लगेच उचलला, ठशाभोवती रेघ मारली. वर मला गोड आवाजात विचारते, "तन्वी, तुला रंग कुठला आवडतो?"

"कुठलाच नाही," मी म्हटलं. उगाच आपल्याविषयी माहिती कशाला द्या!

मग टेबलावर ते पाकीट दिसलं. आत आमच्या तिघांचे पाय. वर तिच्या भावाचं नाव, एका जहाजाचं नाव, आणि त्याखाली चक्क अमेरिकेचं नौदल! भाऊ अमेरिकेत असतो एवढंच मला माहीत होतं. तो नौदलात आहे, हे कुणी सांगितलं होतं?

मी धावत खाली प्राचीकडे गेले. जगात मी जिच्याशी बोलते ती एकटी प्राची.

"वाट लागली," ती म्हणाली. "नेव्ही म्हणजे मिलिटरीच की गं!"

"पण त्यांना आमचे पाय कशाला हवेत?"

"आजकाल माणूस पायावरनं पण ओळखतात. तू बस गप्प. उद्या तुझ्या पायाने भलतीच कुणीतरी कुठेतरी चालून आली म्हणजे कळेल!"

हे वाक्य आज लिहितानासुद्धा मला त्याचा अर्थ लागत नाही. पण तेव्हा अंगावर काटा आला.

पाकीट अजून चिकटवलेलं नव्हतं. माझा कागद बदलायचा, पण दुसऱ्याचा पाय आणायचा कुठून? कुणाला विचारायची माझी हिंमत नाही. शेवटी माळ्यावरून बाबांचा गमबूट काढला, कागदावर ठेवला, भोवती रेघ मारली, पुढे पाच बोटं काढली आणि खाली माझं नाव लिहिलं.

आईबाबांचे कागद? ते तसेच राहू दिले. ते मोठे आहेत, त्यांचं ते बघून घेतील.

दिवाळीच्या आधी टेम्पोतून एक खोकं आलं. दोघांनी धरून वर आणलं, एवढं मोठं! काकू टाळ्या वाजवत नाचायला लागली. "माझ्या सासरसाठी पहिला बॉक्स! आमच्याकडे परदेशातली माणसं घरच्यांना असंच खोकं भरून पाठवतात, हे माझ्या भावाने पाठवलं!"

आतून साबण, टॉवेल, कॉफी, चॉकलेटं निघत राहिली. मग आईच्या सँडल निघाल्या, अगदी मापाच्या. बाबांचे बूटही झकास बसले. आणि शेवटी माझे. पांढरेशुभ्र, जांभळ्या नाड्यांचे. दोन होड्या!

मी पाय घातला. मागे माझी मूठ मावेल एवढी जागा उरली.

"पोरीचेच कसे चुकले?" बाबा म्हणाले.

काकूचा चेहरा उतरला. "तुझ्या शाळेच्या बुटाचा सोल उघडला होता, तू कुणाला सांगितलं नाही. मी बघितलं. म्हणून बॉक्स मागवला." मग ती हळूच म्हणाली, "माझे बाबा पण त्याच नेव्हीत कुक होते. वर्षातून एकदा घरी यायचे. माझा पाय किती वाढला, त्यांना कागदावरूनच कळायचं. मी झोपले की आई काढायची, सरप्राइज म्हणून. बूट कधीच चुकला नाही. माझा भाऊच मूर्ख आहे. थांब, आत्ता फोन करून झापते त्याला!"

तिने फोन उचलला. आता बोलणं भाग होतं.

"काकू, नको! मी कागद बदलला. तो बाबांचा गमबूट होता."

"का गं?"

"मला वाटलं... तुम्ही हेर आहात."

आईने कपाळावर हात मारला, बाबा खोकायला लागले, आणि काकू! काकू हसून हसून खोक्यावर आडवी झाली. तिने लगेच नवा कागद आणला आणि या वेळी मला विचारून माझा पाय काढला.

एवढ्यावर संपलं असतं तरी ठीक होतं. पण डाव्या बुटात काकूच्या भावाची चिठ्ठी निघाली. इंग्रजीत होती, बाबांनी मोठ्याने वाचून मराठीत सांगितली:

"प्रिय तन्वी, तू कुणाशी बोलत नाहीस, असं मारिसा नेहमी सांगते. कागद बघितल्यावर मला कारण समजलं. बाळ, पायांची लाज बाळगू नकोस. आमच्या जहाजावर तुझ्याच मापाचा एक साडेसहा फुटी माणूस आहे. त्यानेच हे बूट कुठे मिळतात ते सांगितलं. त्याचं लग्नसुद्धा झालं आहे. धीर सोडू नको."

खरी हकिगत त्याला मीच कळवायची, असं काकूने बजावलंय. वर्ष होत आलं. अजून धीर झालेला नाही. त्याचा व्हिडिओ कॉल आला की मी, काकूने त्या नव्या कागदावरून मुलुंडलाच घेऊन दिलेल्या मापाच्या बुटांसकट, दोन्ही पाय सोफ्याखाली ओढून घेते, आणि पलीकडून तो काकूला कळवळून म्हणतो, "बिचारी! अजून लपवतेच आहे."