होल्याला माता आल्या

रविवार सकाळ, दिवाळीच्या जरा आधीची. हजर: सासूबाई, आमचे हे आणि मी. शिवाय अंगणातल्या पेरूला टांगलेल्या दाण्याच्या थाळीत कबुतराच्या कुळातला एक होला, ज्याच्या डोळ्याखाली मटाराएवढी गाठ.

"बाजरी चिकटलीय," हे म्हणाले. "क्यों भिया, खातोस की तोंडाला फासतोस?"

दाणा असता तर पडला असता. मी फोनमध्ये मोठं करून पाहिलं. गाठ खरखरीत, चामखिळीसारखी. पायाच्या बोटावर आणखी एक, लहान. महूला माझी मैत्रीण जनावरांची डॉक्टर आहे, तिला फोटो पाठवले. तिने उलट विचारलं: गाठी पिसं नसलेल्या जागीच आहेत ना? खातोय? उडतोय? सगळ्याला हो. मग म्हणाली, पॉक्स दिसतोय, फोटोवरून अगदी नक्की सांगता येत नाही. माणसांना होत नाही. पकडू नका, बहुतेक आपोआप बरा होईल. पण डासांमुळे पसरतो आणि एका थाळीत चोची घातल्यानेही. दाणे काही आठवडे बंद, थाळी धू, साचलेलं पाणी ओत.

सासूबाईंना कळावं म्हणून मी सांगितलं, "आई, त्याला देवी आल्यात."

तिथे चुकलं. "अगं बाई, माता!" त्या ताडकन उठल्या, थाळीला कडुलिंबाची डहाळी बांधली, दाणे दुप्पट घातले आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या हातातली मोहरी काढून घेतली. घरात माता असताना छौंक लावायचा नसतो. इंदूरमध्ये, रविवारी, आम्ही बिनफोडणीचे पोहे खाल्ले.

"माता होल्याला आणि सजा मला," हे बशीकडे बघत म्हणाले.

"गप खा. वरून जिरावन मसाला भुरभुर," सासूबाई म्हणाल्या.

थाळी काढायचं म्हटल्यावर मात्र सासूबाईंचा चेहरा उतरला. मामंजी गेल्यापासून त्यांची सकाळ त्या थाळीपाशीच सुरू होते. "माता आलेल्याला उपाशी ठेवायचं? आणि दुसऱ्या अंगणाची सवय लागली, तर माझ्याकडे कोण येतंय परत?"

पॉक्स, डास, संसर्ग, सगळं समजावून झालं. उपयोग शून्य. शेवटी मी विचारलं, "आई, यांना लहानपणी माता आल्या, तेव्हा यांच्या ताटात कोणाला जेवू दिलंत?"

"छे! ताट-वाटी सगळं वेगळं. याच्या बहिणीला तर मावशीकडे धाडली होती." बोलता बोलता त्यांनी थाळीकडे पाहिलं. थाळीत तेव्हा तो होला, त्याचे भाईबंद आणि चिमण्यांची गर्दी होती. "हे सगळे एकाच ताटात!" म्हणाल्या आणि स्वतःच दोरी सोडायला लागल्या.

थाळी ब्लीचच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवली, कुंड्यांखालच्या बशा पालथ्या घातल्या. फोडणी दोन-चार दिवसांत परतली.

होला अजून येतो. दाणे नसतानाही भिंतीवर बसतो, आणि सासूबाई समोर खुर्ची टाकून त्याच्याशी बोलतात. गाठीवर खपली धरलीय. मैत्रीण म्हणते, खपली पडली आणि दुसरा कोणी आजारी दिसला नाही, की थाळी लावा. आम्ही रोज बघतो. थाळी पेरूला बांधायची बाकी आहे.