आक्काची डुलवाली

आक्का गेल्याची तार भाद्रपदात मुंबईला आली आणि मिळेल ती आगबोट धरून आम्ही नवराबायको रेवदंड्याला निघालो. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पडवीत माझ्या या थोरल्या बहिणीची बसायची जागा रिकामी, आणि शेजारी तिची मातीची कुंडी. नुसत्या काटक्या उभ्या असलेली. "मेली का गं ही?" असं दर वर्षी मी तिला विचारायचो. त्या दिवशी विचारायला कोणी नव्हतं...

आक्काचे यजमान महाबळेश्वरला एका बंगल्यावर कारकून होते. ते गेल्यावर ती एक ट्रंक आणि ही कुंडी घेऊन माहेरी आली. झाडाचं नाव फ्युशिया. पण डुलांसारखी लाल-जांभळी फुलं लोंबतात म्हणून आक्काची ती डुलवाली. तिकडच्या माळ्याने बजावलं होतं, थंडीत हिला आत ठेवून झोपवा, पाणी जेमतेम द्या, वसंतात छाटून उठवा. आक्काने पहिल्याच मार्गशीर्षात तिला गोणपाटात गुंडाळून माजघरात निजवलं. "रजई देऊ का?" मी विचारलं. आमच्या रेवदंड्याची थंडी ती काय! डुलवालीने गोणपाटातच कोंब काढले, आणि चैत्रात, उठायच्या वेळी, सगळी पानं टाकली. घरादाराने तिला मेली ठरवलं. आक्काने नखाने साल खरवडली, आत हिरवं होतं. "मेली नाही रे बाळू. उकाड्याने झोपलीय."

मग आक्काने तिचं वर्षच उलटं करून टाकलं. उन्हाळ्यात विहिरीकडच्या सावलीत, पावसात पडवीत, माती सुकली तरच घोटभर पाणी. आणि दसऱ्याला छाटणी, अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, पानाच्या डब्यातल्या अडकित्त्याने. छाटून झालं की म्हणायची, "ऊठ बाई, माहेरी आलीस म्हणून किती झोपशील?" हे ती नक्की कोणाला म्हणते, ते विचारायची माझी छाती झाली नाही. पौषात डूल लोंबायला लागले की शेजारच्या पोरींचे कान फुलांपाशी धरून बघायची, कोणाला शोभतात ते. स्वतःचे कान रिकामेच. एकही फूल तिने कधी तोडलं नाही.

सुतक फिटल्यावर घरातली मातीची भांडी टाकतात. आळीतल्या बायकांनी मडकी, माठ उचलून वाडीच्या कुंपणाबाहेर नेऊन टाकले, त्यांत डुलवालीही गेली. "अहो भाऊ, त्यात नुसती वाळकी लाकडं होती!" त्यांचं तरी काय चुकलं? मी धोतर सावरत धावलो. कुंडीचे तुकडे झाले होते, पण मुळांनी मातीचा गोळा घट्ट धरून ठेवला होता. तो मी रॉकेलच्या डब्यात बसवला. नखाने खरवडून बघायचा मात्र धीर झाला नाही. माझ्या हातून पुदिनासुद्धा जगत नाही. आक्काचं एवढं एकच उरलेलं, ते माझ्यामुळे गेलं तर...

मी दसऱ्यापर्यंत रजा वाढवून घेतली. "कचेरीत काय कळवलंत?" बायकोने विचारलं.

"आजारी आहे म्हणून."

"कोण?"

दसऱ्याला सकाळी अडकित्ता काढला. एकेक काटकी दोन बोटं ठेवून छाटली आणि हळूच म्हणालो, "ऊठ बाई..." स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "मी कधीचीच उठलेय!"

अडकित्ता अजून पानाच्या डब्यात परत ठेवलेला नाही. त्याच्या पात्यावर त्या दिवशी हिरवट ओल लागली होती. ती मी पुसली नाही.